वेडा ठरवण्याची सोय

१८७५ च्या १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली आणि हाताला लागले ते कर्जरोखे जाळले. हे सुपं म्हणजे आमच्या पारनेरचं नव्हे, बारामतीकडचं. पण ते लोण नगर जिल्ह्यात यायला वेळ लागला नाही. पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत अशा तालुक्यांत तोच प्रकार सुरू झाला. जमाव यायचा आणि सावकाराकडे खतं मागायचा. त्यानं ती काढून दिली तर लोक तिथेच त्यांची होळी करायचे आणि बहुतेक वेळा घरी निघून जायचे. नाही दिली तर मार बसायचा, कडब्याच्या गंजी पेटायच्या. पुणे आणि नगर मिळून तीसहून अधिक गावांत हे घडलं. सत्तावन्नचं बंड अजून ताजं होतं, त्यामुळे साहेबलोक घाबरले. फौज आली, धरपकड झाली, शिक्षा झाल्या.

त्यानंतर सरकारनं आयोग नेमला, आणि मी हे सगळं सांगतेय ते त्या आयोगासाठी. नगर-पुण्याचे कुणबी अचानक का बिथरले, याचं उत्तर शोधायला ते लोक कुणाच्या डोक्यात शिरले नाहीत, वह्यांत शिरले. कर्ज किती, व्याज किती, रोख्यावर अंगठा कधी उठवला, जमिनीचा सारा कधी वाढवला, हे त्यांनी पाहिलं. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता तेव्हा सावकारांनी हात सैल सोडले. १८६५ साली ते युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि पाठोपाठ सरकारनं फेरआकारणीत सारा वाढवला. मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी रोखा नवा करावा लागे आणि प्रत्येक वेळी व्याज मुद्दलात मुरे. असं चक्र होतं ते. आयोगानं खापर मुख्यतः सावकारावर फोडलं आणि सरकारी साऱ्याला बरंचसं मोकळं सोडलं. लबाडी उघड आहे, आणि ऑकलंड कॉल्विन या सदस्यानं साऱ्याबद्दल वेगळं मत नोंदवलंही. तरी १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्यावर काय लिहिलंय एवढंच न बघता मूळ व्यवहार तपासायची मुभा त्यानं कोर्टाला दिली. ज्यांनी दुकानं फोडली त्यांच्याकडे काही कारण होतं, एवढं तरी सरकारनं लेखी मानलं.

मी आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं. त्यातही अपसामान्य मानसशास्त्र, म्हणजे विकृतींचा पेपर. नगरच्या सावेडीत गुलमोहर रस्त्याच्या आतल्या बाजूला राहते. सकाळी फिरून आलेली मंडळी चौकात चहाला थांबतात आणि मी दिसले की हमखास विचारतात, “मॅडम, तुम्हीच सांगा, हे लोक मेंटल आहेत की नाही?” हे लोक म्हणजे कोण, ते विचारणाऱ्याच्या पक्षावर अवलंबून. एकाला अमुक नेता नार्सिसिस्ट वाटतो, दुसऱ्याला तमुक आंदोलन म्हणजे सामूहिक उन्माद वाटतो, तिसऱ्यानं मोबाइलवर वाचलेलं असतं की विरोधी पक्षाचे समर्थक पॅरानॉइड असतात. निदानं सगळी माझ्याच पेपरातली. मी तो पेपर पंधरा मार्कांच्या टिपांसाठी शिकवत होते, शेजारच्या गल्लीतल्या मतदारांसाठी नव्हे.

ही सवय मोबाइलनं लावलेली नाही. १८४८ च्या क्रांत्यांनंतर लगेचच बर्लिनमध्ये कार्ल ग्रोडेक नावाच्या तरुण डॉक्टरनं लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला. विषय होता लोकशाहीचा रोग, वेडाचा एक नवा प्रकार. रस्त्यावर उतरून संविधान मागणारा माणूस त्याच्या लेखी रोगी होता. त्याच सुमारास अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरनं मळ्यावरून पळून जाणाऱ्या गुलामांना एक आजार बहाल केला आणि त्याला ड्रेपटोमेनिया असं भारदस्त ग्रीक नावही दिलं. पळण्याची इच्छा हेच लक्षण! मालकाच्या चाबकाचं नाव त्या रोगाच्या कारणांत येतं, पण उलट्या बाजूनं: वेळीच वापरला तर रोग टळतो.

आमच्याकडे निदान यायच्या आधी स्वभाव आला. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केलं. रामोशांना जमवून सावकारांवर धाडी घातल्या. ते पकडले गेले, एडनला गेले आणि १८८३ साली तिथेच वारले. दुष्काळ नुकताच होऊन गेला होता, त्याबद्दल फडक्यांचं म्हणणं त्यांच्याच हस्ताक्षरात सरकारच्या हाती पडलं होतं. पण मुंबईचे गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांना त्या वर्षी काळजी वाटत होती ती फडक्यांच्या जातीच्या, म्हणजे चित्पावनांच्या मनोवृत्तीची. चार वर्षांपूर्वी ज्या सरकारला वह्या दिसत होत्या त्याच सरकारला आता जातीचा पिंड दिसू लागला. पुढे १८९७ साली पुण्यात प्लेग आला, घराघरांत सोजीर शिरले, चापेकरांनी प्लेग-अधिकारी रँडला गोळी घातली. १९१८ साली रौलट समितीनं क्रांतिकारी कटांवर अहवाल लिहिला तेव्हा पहिलं प्रकरण मुंबई इलाख्याचं होतं आणि त्यातही चित्पावनांचा पिंड मांडलेला होताच. पिंड एकदा मांडला की प्लेगच्या तपासणीत काय झालं ते मागच्या पानावर जातं.

मग शास्त्र आलं. १९२२ साली गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण मंडळ स्थापन केलं. युरोप-अमेरिकेबाहेर इतक्या लवकर असं मंडळ निघणं ही अभिमानाची गोष्ट होती. पण सुरुवातीच्या सभासदांत दोन ब्रिटिश लष्करी पेशाचेही होते. एक ओवेन बर्कली-हिल, रांचीच्या युरोपियनांसाठीच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक. दुसरे क्लॉड डॅली, सैन्यातले अधिकारी आणि फ्रॉइडचे भक्त. डॅलींनी १९३० साली मनोविश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात क्रांतिकारी प्रवृत्तींच्या मानसशास्त्रावर लेख लिहिला. १९३० म्हणजे दांडीचं आणि सोलापूरच्या मार्शल लॉचं साल. मिठावर कर होता, सोलापुरात गोळ्या चालल्या होत्या, आणि हे गृहस्थ बंगालच्या पोरांत मातृदेवतेचा गंड आणि बापाविरुद्धचा राग शोधत होते. बाप कोण, ते सांगायची गरज नव्हती. सरकार हाच बाप, असं एकदा धरलं की बंड हा बालिशपणा ठरतो आणि बापानं काय केलं हा प्रश्नच गैरलागू होतो.

पारनेरच्या सेनापती बापटांना या खुर्चीवर बसवून बघा. जन्म १८८०. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेले, भाषणामुळे शिष्यवृत्ती गेली. तिथून लंडनचं इंडिया हाऊस, पॅरिसमधून बाँबची पुस्तिका. पुढे मुळशीचा सत्याग्रह, मग रेल्वे अडवल्याबद्दल लांबलचक तुरुंगवास. उतारवयातही मोर्चांत सगळ्यांच्या पुढे. माझ्या पेपरात असे गुण मांडून विद्यार्थ्यांना दिले असते तर निम्म्या वर्गानं एखादा व्यक्तिमत्त्व-दोष चिकटवला असता: धोका ओढवून घेण्याची वृत्ती, हुतात्मा व्हायची ओढ, काय हवं ते. त्या उत्तरात एक गोष्ट राहिली असती. टाटांच्या वीजधरणासाठी मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जात होती आणि मावळ्यांची भाताची खाचरं त्यांना न विचारता घेतली जात होती. ही खाचरं बापटांच्या बालपणात सापडत नाहीत.

ब्रिटिशांना ही कला शेवटपर्यंत उपयोगी पडली. केनियात माऊ माऊंचं बंड पेटलं तेव्हा तिथल्या सरकारनं जे. सी. कॅरोदर्स या मनोविकारतज्ज्ञाला बोलावलं. १९५४ साली त्यांची ‘माऊ माऊंचं मानसशास्त्र’ या विषयावरची पुस्तिका सरकारी छापखान्यातून निघाली. किकुयू लोकांच्या जमिनी गोऱ्यांच्या मळ्यांत गेल्या होत्या, पण भर होता तो जुन्या आणि नव्या जगात लोंबकळणाऱ्या आफ्रिकन मनावर. साम्राज्यवाल्यांनाच बोल लावून चालणार नाही. सोव्हिएत रशियात स्नेझ्नेव्स्की यांच्या पठडीनं ‘संथ स्किझोफ्रेनिया’ असं निदान काढलं. त्याची लक्षणं इतकी संथ की ती फक्त सरकारी डॉक्टरांना दिसत. त्यात व्यवस्था सुधारायचा ध्यासही मोडे. पत्रकं वाटणारी माणसं रुग्णालयात डांबली गेली. बाहेरच्या मनोविकारतज्ज्ञांनी इतका आरडाओरडा केला की १९८३ साली सोव्हिएत संघटनेला मनोविकारतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेतून बाहेर पडावं लागलं.

नगरच्या किल्ल्यात मात्र याच्या उलट वाक्य लिहिलं गेलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसची कार्यकारिणी इथे आणून कोंडली. नेहरू, पटेल, आझाद, नरेंद्र देव, आमचे शंकरराव देव. १९४४ मध्ये नेहरूंनी इथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. त्यात गांधींमुळे लोकांच्या मनातली भीती कशी गेली हे सांगताना त्यांना मनोविश्लेषकच आठवला: रुग्णाच्या भूतकाळात खोल जाऊन गंडाचं मूळ दाखवून देणारा आणि त्याला ओझ्यातून सोडवणारा. डॅलींच्या लेखी चळवळ हा रोग होता, नेहरूंच्या लेखी तोच उपचार. मला नेहरूंचं वाक्य अर्थातच जास्त आवडतं, पण शिक्षिका म्हणून सांगायचं तर दोघांनीही रुग्ण म्हणून देश झोपवला आहे. फरक एवढाच की नेहरूंच्या रुग्णाला भ्यायला कारण होतं. पोलीस, जमीनदाराचा माणूस, सावकार यांची नावं त्यांनी त्याच पानांवर घेतली आहेत.

३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी तेच नेहरू रेडिओवर बोलले. एका वेड्यानं गांधींचा प्राण घेतला, हे करणाऱ्याला वेडाच म्हणावं लागेल, असं म्हणाले, आणि त्याच दमात पुढे म्हणाले की गेली काही वर्षं या देशात पुष्कळ विष पसरवलं गेलंय. पहिला अर्धा भाग टिकला. आमच्या लहानपणी गुरुजी सांगायचे, एका माथेफिरूनं गांधीजींना मारलं. विषाचा भाग वर्गात कधी आला नाही. नगरमध्ये तो यायला हवा होता, कारण त्या विषाचे बरेचसे पत्ते आमच्या गावातले होते.

हत्येच्या कटातले नारायण आपटे पुण्याचे, बीएस्सी. तीसच्या दशकाच्या शेवटी ते नगरला अमेरिकन मिशनच्या हायस्कुलात शिकवत होते आणि इथे त्यांनी रायफल क्लब काढला. विष्णू करकरे यांचं नगरमध्ये हॉटेल होतं, डेक्कन गेस्ट हाऊस. ते हिंदुमहासभेचे कार्यकर्ते, नगरपालिकेवर निवडून आलेले. १९४६ साली नोआखालीला मदतपथक घेऊन गेले होते. फाळणीनंतर निर्वासितांची छावणी विसापूरला पडली. पंजाबातून होरपळून आलेला मदनलाल पाहवा नगरला आला तो करकऱ्यांच्या आसऱ्याला. १९४७ च्या अखेरीस शहरात बाँब फुटले. १९४८ च्या जानेवारीच्या सुरुवातीला करकऱ्यांच्या हॉटेलच्या व्यवस्थापकाच्या घरी स्फोटकं सापडली. त्याच दिवसांत रावसाहेब पटवर्धनांची सभा होती. पटवर्धन बंधू नगरचेच, समाजवादी. रावसाहेब हिंदू-मुसलमानांनी एकत्र राहावं असं बोलत होते, तेव्हा मदनलालनं व्यासपीठावर घुसून गोंधळ घातला. पोलिसांनी त्याला बाजूला केलं आणि नंतर सोडून दिलं. २० जानेवारीला दिल्लीत बिर्ला हाऊसच्या भिंतीपाशी गनकॉटनचा स्फोट झाला तो यानंच केलेला. दुसऱ्या दिवशी मुंबईत रुईया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन मुख्यमंत्री खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले. मदनलालनं त्यांना कटाबद्दल आधी सांगितलं होतं, करकऱ्यांचं नावही. त्यानंतर नऊ दिवस गेले.

यातल्या कुठल्या दुव्याला वेड म्हणायचं? क्लब लागला, हॉटेल लागलं, मुंबई-दिल्लीची तिकिटं लागली, वर्तमानपत्र लागलं, पैसे लागले. कोर्टात गोळ्या झाडणाऱ्या नथुराम गोडसेनं वेडाचा बचाव घेतला नाही. उलट तासन्‌तास निवेदन वाचून आपण विचारपूर्वक हे केल्याचं सांगितलं. ते विचार मला विषारी वाटतात, आणि विषारी म्हणूनच त्यांना उत्तर द्यावं लागतं. रोगाला उत्तर देता येत नाही.

आशिष नंदींनी १९८० सालच्या पुस्तकात या हत्येवर निबंध लिहिला आहे. तो मी विद्यार्थ्यांना वाचायला देत असे. आधीचे मुलगे जगले नाहीत म्हणून नथुरामला नाकात नथ घालून मुलीसारखं वाढवलं, लहानपणी घरच्या देवीचा कौल त्याच्या तोंडून घेत, हे तपशील तिथे येतात, आणि पुरुषत्वाचा प्रश्न, गांधींचं बायकी वाटणारं राजकारण यांच्याशी जोडले जातात. निबंध हुशारीचा आहे. नंदी माणसाला वेडा ठरवून सुटका करून घेत नाहीत. मारणारा आणि मरणारा यांनी मिळून काढलेलं ते निवेदन होतं, अशा अर्थाची त्यांची मांडणी आहे, आणि ती मला पटते. पण नथीपाशी मी दर वर्षी अडायचे. हजेरीपटावर वडिलांच्या जागी दगडू, धोंडू, भिकू, नथू अशी नावं किती तरी. प्रत्येकाच्या मागे एक गेलेलं भावंड आणि एक घाबरलेली आजी. नाकं टोचलेल्या त्या मुलांनी शेती केली, एसटी चालवली, पोरांना कॉलेजला घातलं. खून झाल्यावर मागे वळून बालपण चाळलं की नथ सापडतेच. बाकीच्यांच्या बालपणात ती कुणी शोधत नाही, म्हणून ती कारण वाटते. करकऱ्यांचं बालपण अनाथाश्रमातलं. मदनलालनं फाळणी अंगावर घेतली. यावर केस-हिस्टरी झकास लिहिता येते. मदनलालच्या मनाला खरोखर उपचार हवे असतील, हेही मी नाकारत नाही. विसापूरच्या छावणीत तशी हजारो माणसं होती. ती नंतर दुकानं टाकून बसली.

माझ्या शास्त्राचा मला राग नाही, त्याच्या नावानं चाललेल्या उनाडक्यांचा आहे. अमेरिकेत १९६४ साली ‘फॅक्ट’ नावाच्या नियतकालिकानं बारा हजारांवर मनोविकारतज्ज्ञांना पत्रं पाठवून विचारलं, बॅरी गोल्डवॉटर अध्यक्ष व्हायला मानसिकदृष्ट्या लायक आहेत का? २४१७ जणांनी उत्तरं पाठवली, ११८९ जणांनी नालायक ठरवलं. यातल्या जवळपास कुणीच त्या गृहस्थांना तपासलं नव्हतं. गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण नियतकालिकावरचा खटला जिंकले. १९७३ साली तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं नियम केला: तपासलेलं नाही आणि परवानगी नाही तर निदान करायचं नाही. चौकातल्या मंडळींना मी हा नियम सांगते. एकदा एकजण म्हणाले, “पण मॅडम, लक्षणं तर सगळी जुळतात.” मी म्हटलं, माझीही जुळतील, फक्त तुम्ही माझ्या विरुद्ध पक्षात असायला हवं.

यात खरा भुर्दंड पडतो तो वेगळ्याच माणसांना. नगरमध्ये आजही घरातल्या मुलाला डॉक्टरकडे न्यायचं तर लोक अंधार पडायची वाट बघतात. पाटीवर मानसोपचार लिहिलेल्या दवाखान्यासमोर गाडी लावायची नाही, पलीकडच्या गल्लीत लावायची. खरोखर स्किझोफ्रेनिया असलेला मुलगा बहुतेक वेळा स्वतःच घाबरलेला असतो. आवाज ऐकू येतात, झोप नसते, आई हातात गोळी घेऊन बसलेली असते. त्याच्या आजाराचं नाव आपण दंगल करणाऱ्यांना देतो, आणि मग त्याच्या आईनं ते नाव उच्चारू नये यात नवल काय?

करकरे, मदनलाल आणि नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसे १९६४ च्या ऑक्टोबरात सुटले. १२ नोव्हेंबरला पुण्यात शनिवार पेठेतल्या उद्यान मंगल कार्यालयात त्यांच्या सुटकेनिमित्त सत्यनारायणाची पूजा झाली. रीतसर निमंत्रणं गेली होती. प्रतिष्ठित घरांतली माणसं आली, तीर्थप्रसाद घेतला. ‘केसरी’चे माजी संपादक ग. वि. केतकर, टिळकांचे नातू, तिथे बोलताना म्हणाले की नथुरामचा बेत आपल्याला आधीच कळला होता, आणि बाळूकाका कानिटकरांकरवी आपण तो खेरांच्या कानावर घातला होता. बातमी छापून आली, विधिमंडळात आणि संसदेत गदारोळ झाला. आधी गोपाल स्वरूप पाठक यांना आणि ते मंत्री झाल्यावर न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांना चौकशीसाठी नेमलं. प्रश्न सतरा वर्षं उशिरा विचारले गेले, पण ते १८७५ च्या जातीचे होते: कुणाला काय माहीत होतं, कधी माहीत होतं, कागद कुठे गेला. शंभराच्या वर साक्षीदार झाले, त्यात नगरचे पोलीस आणि अधिकारीही होते. १९६९ च्या त्या अहवालात नगरवर सविस्तर लिहिलेलं आहे: बाँब, जप्त केलेली शस्त्रं, स्थानबद्धतेचे हुकूम, छावणी, सभा. ती पानं मी एका सुट्टीत वाचून काढली. नथुरामच्या नाकातल्या नथीबद्दल त्या पानांत काही नाही.